दुसऱ्यांची चित्रं पाहिली तर माझं काय उरेल?

"दुसऱ्यांची पोर्ट्रेट्स बघायचं मी बंद केलंय. नाहीतर माझी स्टाइल कधी तयारच व्हायची नाही." कोल्हापुरात चित्रकलेची मुलं समुपदेशनाला येतात, तेव्हा थोड्याफार फरकाने हे हमखास ऐकू येतं. आईवडिलांची तक्रार नेमकी उलटी: दिवसभर मोबाइलवर चित्रं बघतो, काढत मात्र काहीच नाही. दोन्ही तक्रारी एकाच मुलाबद्दल असू शकतात, हे गमतीचं वाटलं तरी खरं आहे.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मुलगी शेवटच्या वर्षाला होती. प्रोजेक्ट म्हणून घरातल्या बायकांची पोर्ट्रेट्स करायची होती, त्यातलं पहिलं खानावळ चालवणाऱ्या मावशीचं. त्याच सुमारास तिला इन्स्टाग्रामवर एमी शेराल्ड ही अमेरिकन चित्रकार सापडली. मिशेल ओबामांचं 2018 सालचं अधिकृत पोर्ट्रेट हिचंच. शेराल्ड त्वचा करड्या छटांत रंगवते, कपडे मात्र ठसठशीत आणि मागे बहुधा सपाट रंग. हिनेही मावशीला तसंच बसवलं: करडा चेहरा, मागे फिरोजी. सर वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे वा, शेराल्डबाई कोल्हापुरात!" वर्ग हसला. त्यानंतर हिने ब्रशला हात लावला नाही. झोप उडाली. फोनवरून सगळे चित्रकार काढून टाकले, लायब्ररीत जाणंही सोडलं.

ही नक्कल होती की प्रेरणा, या वादात मी पडले नाही. नेमकं काय लागलं, एवढंच विचारलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पकडले गेल्यासारखं वाटलं, मॅडम." म्हणजे भीती चित्रं बघण्याची नव्हतीच, चोर ठरण्याची होती. अशा वेळी माणूस टाळाटाळ करतो. टाळलं की त्या क्षणी बरं वाटतं, आणि पुढच्या वेळी तीच भीती दामदुप्पट होऊन येते. त्यामुळे "थोडे दिवस काहीच बघू नकोस" हा सल्ला मी देत नाही, मग तो कितीही मायेचा वाटो.

"शेराल्ड करडा रंग का वापरते?" मी विचारलं. हिला माहीत नव्हतं. छान दिसतं म्हणून घेतला होता. मग तेवढंच शोधून यायला सांगितलं.

आली ती वाचून. शेराल्ड रंगवते ती कृष्णवर्णीय अमेरिकन माणसं. बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा कातडीच्या रंगावर अडकू नये, हा त्यामागचा विचार. जुन्या कृष्णधवल फोटोंची ओढही त्यात आहे. "आणि मावशी काय म्हणाली चित्र बघून?" या प्रश्नावर ती पहिल्यांदा हसली. मावशी म्हणाली होती, "मी अजून जित्ती हाय की गं! राख फासून का बसवलंयस?"

हसता हसता गप्प झाली. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत सांगू लागली, की मावशी सावळी. बघण्याच्या प्रत्येक कार्यक्रमात चर्चा तिच्या रंगाची. लग्नाच्या अल्बममध्ये तर स्टुडिओवाल्याने तिला गोरं करून टाकलेलं. "म्हणजे मी पण तेच केलं," ती म्हणाली. हे मी सुचवलं नव्हतं. शेराल्डच्या कॅनव्हासवर जो करडा रंग समोरच्या माणसाचं ओझं उतरवतो, तोच इथे मावशीचा रंग पुन्हा पुसत होता.

यापुढचं काम सोपं होतं. एका वेळी एकच चित्र घ्यायचं आणि त्यातल्या निर्णयांना "का" विचारायचं. नजर कुठे आहे, मागे काय ठेवलं, काय गाळलं, आकार एवढा का? अमेरिकन चित्रकार चक क्लोजचं उदाहरण मला यासाठी फार आवडतं. त्याला चेहरे लक्षात राहत नसत, मेंदूचीच तशी अडचण होती. चेहऱ्याचा फोटो काढून तो सपाट केला, त्यावर चौकटी आखल्या आणि चौकटीमागून चौकट रंगवली की तो चेहरा त्याच्या हाती लागे. आपली मुलं चौकटी उचलतात. ती गरज त्यांची नसतेच. ब्रिटिश चित्रकार लिनेट यिआडोम-बोआकीची माणसं तर मुळात कुणी समोर बसलेलीच नसतात, सगळी कल्पनेतली. मावशीच्या चित्राला तो रस्ता उपयोगाचा नाही, हे तिला आपलं आपणच कळलं.

दुसरी गोष्ट, नाव लपवायचं नाही. स्केचबुकात प्रत्येक अभ्यासचित्राखाली "अमक्यावरून" असं लिहायचं. ब्रिटिश चित्रकार लुसियन फ्रॉइडने जुन्या फ्रेंच चित्रकार शार्दँच्या चित्रावरून काम केलं आणि नावच ठेवलं "आफ्टर शार्दँ", म्हणजे शार्दँवरून. आपणच सांगून टाकलं की पकडायला काही उरत नाही. झोप सुधारली ती इथपासून.

तिचा सगळा अभ्यास फोनच्या काचेवरचा होता, तेही खटकत होतं. आपल्याकडे माणूस समोर बसवून, लोकांदेखत पोर्ट्रेट करायची जुनी चाल आहे. चित्रकार वासुदेव कामतांना 2006 मध्ये अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचं मोठं पारितोषिक मिळालं, तेही पत्नीच्या पोर्ट्रेटसाठी. अशा एखाद्या प्रात्यक्षिकाला जा, म्हटलं. रंग कसा लावतात यापेक्षा कुठला स्ट्रोक पुसून टाकतात ते बघ.

मावशीचं पोर्ट्रेट तिने नव्याने सुरू केलंय. सपाट फिरोजी ठेवलाय, त्याखाली शेराल्डचं नावही आहे. चेहरा बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगात उभा राहिलाय. आता गाडं भाकरी थापणाऱ्या हातांवर अडलंय, बोटं काही केल्या जमत नाहीत म्हणते. त्यासाठी माझ्याकडे येऊन उपयोग नाही, सरांनाच विचार, असं मी तिला सांगितलंय.