आयरनीला मराठीत काय म्हणायचं? 'विडंबना' तर नकोच

प्रश्न असा आला होता: "आम्ही मित्र दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे पात्रं घेऊन, फासे टाकून गोष्ट रचायचा खेळ, पूर्ण मराठीतून, आणि गोष्ट चालवणारा डीएम मीच असतो. एखादा सीन भारी जमतो आणि 'काय आयरनी आहे' असं म्हणावंसं वाटतं तेव्हा शब्दच सापडत नाही. मी विडंबना म्हणतो. एक खेळाडू म्हणतो ती हिंदी झाली, उपरोध म्हण. बरोबर कोण?"

विडंबनेच्या बाबतीत तुमचा खेळाडू बरोबर आहे. हिंदीत विडंबना म्हणजे आयरनीच, आणि टीव्हीवरच्या बातम्यांमुळे तो अर्थ आता मराठीतही घुसलाय. पण आपल्याकडे त्या जागा आधीच भरलेल्या आहेत ना. मूळ संस्कृत शब्दाचा अर्थ नक्कल करणं, थट्टा करणं, त्यातून आपण विडंबन घेतलं, म्हणजे कुणाची तरी कविता घेऊन तिच्या चालीवर दुसरीच गंमत करायची ते. आणि त्याच घराण्यातली विटंबना, ती पुतळ्याची होते, प्रेताची होते. आता तुम्ही टेबलावर "काय विडंबना आहे" म्हणालात तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात हे सगळं एकदम येणार.

मग उपरोध? इथे मात्र तुमचा खेळाडू अर्धाच बरोबर आहे. संस्कृतात उपरोध म्हणजे अडथळा, कोंडी. मराठीत तो बोलण्यापुरता आला, म्हणजे बोलायचं एक आणि सुचवायचं उलटं. आणि हे काम मराठी इतकं सुंदर करते की डीएमला तयार शस्त्रागारच मिळतं. 'प्रताप' हा शब्द घ्या, बोलण्यात तो जवळपास उलट्या अर्थानेच उरलाय, "काय प्रताप करून आलात?" असं सरायवाल्याने विचारलं की पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या टोळीला कळतं की जळालेल्या गोठ्याची बातमी याच्यापर्यंत पोचलीय. दिवे लावलेस, उजेड पाडलास, दीडशहाणा. ज्याला रोज अरे-तुरे करतो त्याला अचानक "या, राजे!" म्हणणं. आणि माझा सगळ्यात लाडका, वाक्याच्या शेवटी येणारा 'म्हणे': "ड्रॅगन मारलाय म्हणे यांनी." एवढ्या एका शब्दात ऐकीव बातमी पण आली आणि अविश्वास पण आला, आवाज बदलायचीही गरज नाही.

पण या सगळ्यात बोलणाऱ्याला आपण उलटं बोलतोय हे माहीत असतं. आणि तुम्ही ज्या सीनबद्दल विचारताय तिथे बहुतेक ते नसतंच, म्हणून उपरोध हा शब्द तिथे बसत नाही.

आमच्या टेबलावरचं उदाहरण सांगतो. किल्ला पडलेला, कुणीतरी आतून दरवाजा उघडलेला. एका खेळाडूचा शिपाई, त्याने फितुराला शोधून मारायची शपथ घेतलीय. दुसरी खेळाडू त्याची बहीण झालेली. मध्येच आम्ही मागे जाऊन त्या रात्रीचा सीन खेळलो आणि दरवाजा तिनेच उघडला, कारण तिचं मूल शत्रूच्या ताब्यात होतं. हे टेबलावरच्या सगळ्यांनी पाहिलं, शिपाई खेळणाऱ्यानेही पाहिलं, फक्त शिपायाने नाही पाहिलं. पुढच्या सीनमध्ये ती त्याला भाकरी वाढते आणि तो म्हणतो, "तुझ्या हातचं खाल्लं की त्या फितुराला शोधायचं बळ येतं गं." टेबल चिडीचूप. यात टोमणा कुठेच नाही, तो बिचारा मनापासून बोलतोय, आणि मनापासून बोलतोय म्हणूनच ते काळजाला लागतं.

पुस्तकी मराठीत याला 'नाट्यगत उपरोध' असं काहीतरी लिहितात, मला ते अजिबात पटत नाही. इंग्रजीत तरी हा अर्थ आयरनीला उशिराच चिकटला, मुळात ग्रीक प्रहसनातला आयरॉन म्हणजे अडाण्याचं सोंग घेऊन बढाईखोराची जिरवणारा माणूस, म्हणजे आपल्या उपरोधाचाच भाऊ. नाटकातल्या या प्रकाराला ते नाव दिलं इंग्रज विद्वान कॉनप थर्लवॉल यांनी, १८३३ साली ग्रीक नाटककार सोफोक्लीसवर लिहिताना. त्यांनी आपल्या जुन्या शब्दाला ताण दिला, आपणही तोच ताण उपरोधाला का द्यायचा? माझा शब्द आहे कोशिंबीर. खायची नाही, आंधळी कोशिंबीर! एकाच्या डोळ्यांवर पट्टी, बाकी सगळ्यांना दिसतंय. "हा सीन कोशिंबीर आहे" म्हटलं की खेळाडूंना लगेच कळतं की आपल्याला माहीत असलेलं आपल्या पात्राला माहीत नाही असं प्रामाणिकपणे खेळायचंय, आणि पट्टीखालून बघणं म्हणजे चीटिंग, हा नियम तर लहानपणापासूनच पाठ आहे. पट्टी कोणाच्या डोळ्यांवर हे विचारायची सवय पण लागते. महाभारतात बघा, युद्धाआधी कर्णाला कळतं की आपण कुंतीचा मुलगा, तो ते लपवायला सांगतो आणि पट्टी पांडवांच्या डोळ्यांवर राहते, दुर्योधनाच्याही.

आणि हे आपल्याला नवीन नाहीच. सिंधुदुर्गात, गोव्यात दशावतार बघितला असेल तर आठवा, लिखित संहिता नसते, कथानक ठरतं आणि संवाद रंगमंचावर ऐनवेळी सुचतील तसे बोलतात. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ सालचा, ही रीत त्याच्या कितीतरी आधीची. रावण गोसाव्याच्या रूपात दारात येतो तेव्हा पुढे बसलेल्या पोरालाही माहीत असतं, सीतेलाच नसतं.

काही खेळ तर पूर्ण यावरच उभे आहेत. २०१५ च्या टेन कँडल्समध्ये शेवटच्या सीनमध्ये सगळी पात्रं मरणार हे खेळाडूंना पहिल्यापासून माहीत असतं, सुरुवातीला प्रत्येक पात्राचा निरोप रेकॉर्ड करतात आणि शेवटी अंधारात तो वाजवतात. १९८४ चा पॅरानोया वेगळा, तिथे देशद्रोही शोधणं हे तुमचं काम, म्युटंट असणं किंवा गुप्त संघटनेत असणं हा देशद्रोह, आणि तुम्ही स्वतः दोन्ही असता. याला आपण कुंपणच शेत खातं म्हणू.

म्हणजे तिसरा प्रकार राहिलाच, घटनेतला. इथे आधी कुणालाच काही माहीत नसतं, डीएमलाही नाही. दैवदुर्विलास चांगला शब्द आहे पण तो सुतकातला आहे, कुणी मेलं-बुडालं तरच शोभतो. दांडगा बार्बेरियन (रानटी योद्धा) खांदा लावून थकला आणि काटकुळ्या विझार्डला (जादूगाराला) वीस बाजूंच्या फाशावर वीस पडून दार उघडलं, तिथे दैवदुर्विलास म्हणाल तर हसू येईल. अशा वेळी नाम शोधूच नका, म्हण वापरा. गावाला वाचवायला धरण फोडलं आणि गावच वाहून गेलं तर "करायला गेलो गणपती, झाला मारुती". चिलखत मिळालं त्याच दिवशी ते पेलणारा मेला, तर चणे आहेत तिथे दात नाहीत. म्हणीत पूर्ण घटना बसते, नामात नाही बसत. आणि एक, हा प्रकार आधीपासून ठरवून आणायला जाऊ नका. मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा खेळाडूंना वाटलं की मी त्यांना फसवलं, आणि त्यांचं बरोबर होतं. वीस पडायची शक्यता विसात एक असते, ती आपल्या पायांनी येते तेव्हाच सगळे उठून ओरडतात.

तुमच्या डायरीत सीनच्या शेजारी शब्द लिहिणार असाल तर बोलणाऱ्याला माहीत असेल तिथे उपरोध, त्याला सोडून सगळ्यांना माहीत असेल तिथे कोशिंबीर, आणि कुणालाच नसेल तिथे जागा रिकामी सोडा, म्हण त्या रात्री कुणीतरी बोलेलच.