अडाण्यानं तज्ज्ञ ओळखायचा कसा?

तुमचा प्रश्न असा आहे: "ज्या विषयातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, त्यात तज्ज्ञाचं ऐकावं का? ऐकायचं तर खरा तज्ज्ञ कोण, हे सामान्य माणसानं ठरवायचं कसं?" मी औसा तालुक्यातला शेतकरी. या विषयावरची पुस्तकं वाचलेली नाहीत. पण या प्रश्नापायी आमच्या घरानं रोख पैसे मोजलेत, म्हणून लिहितो.

२०१५ चा उन्हाळा. पुढच्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, यावरून काय दिवस होते ते समजा. विहीर तळाला गेलेली. आबांनी पाणाड्या बोलावला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो सगळं वावर फिरला. बांधाच्या बाभळीपाशी नारळ उभा राहिला. "मालक, दोन झरे एक झालेत हितं. तीनशे फुटांच्या आत चार इंच पाणी. नाही लागलं तर नाव बदलीन." बोअरची गाडी लावली. तीनशे झाले, चारशे झाले, वर येतोय नुसता फुफाटा. साडेचारशेला आबांनी गाडीवाल्यापुढं हात जोडले. पाणाड्याला विचारलं तर म्हणाला, "पाणी होतंच. गाडीवाल्यानं हातभर जागा सरकवली."

मग चुलत भावानं भूजल खात्यातले एक निवृत्त साहेब आणले. त्यांनी जमिनीत चार सळ्या ठोकल्या, वायरी जोडल्या, सळ्या लांब लांब नेत जमिनीत वीज किती अडते त्याचे आकडे वहीत लिहिले. दुपारी कागदावर लिहून सही करून दिलं: पाणी लागायची शक्यता दहात सहा. १८० फुटांपर्यंत सच्छिद्र खडक लागायला हवा. नाही लागला तर गाडी थांबवा, पुढं एक रुपया घालू नका.

१८० ला काळा पाषाण निघाला. पाणी नाही.

आबांचा निकाल तयारच होता. "दोघं सारखेच. एकानं नारळ नेला, दुसऱ्यानं चहा पिला."

मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. साहेब दुसऱ्या दिवशी न बोलावता आले. गाडीवाल्यानं खोलीप्रमाणं पोत्यावर मांडून ठेवलेला चुरा चिमटीत घेऊन, पाण्यात भिजवून बघत बसले. ९० फुटांच्या ढिगातला तांबडा गेरू दाखवून म्हणाले, "इथं फसलो मी. या थराचा आकडा ओल्या खडकासारखाच येतो. चिकणमाती आहे, ओल धरते, पण पाणी सोडत नाही." आणि वहीत ते लिहून घेतलं.

माझ्यापुरतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या पोत्यावर होतं. खडकातलं मला तेव्हाही कळत नव्हतं, आजही कळत नाही. पण आपण कुठं चुकू शकतो हे एकानं खोदायच्या आधी लिहून दिलं, आणि दुसऱ्यानं पाणी न लागल्यावर सबब शोधली, एवढं कुणालाही कळतं. साहेबांच्या त्या एका ओळीनं पहिल्या बोअरच्या मानानं आमचे दोनशे सत्तर फूट वाचले, हे आबा हिशेबात धरत नाहीत. आता डॉक्टर असो की इंजिनिअर, मी एक प्रश्न हमखास विचारतो: साहेब, यात तुमचं कधी चुकलंय का? ज्याचं कधीच चुकलेलं नाही त्याला चहा पाजून वाटेला लावतो.

आमच्या भागात तज्ज्ञ म्हटलं की कुणीतरी किल्लारीच्या भूकंपाची गोष्ट काढतंच. बरोबर आहे, काढावीच. मी तेव्हा सहावीत होतो. दख्खनचा हा भाग स्थिर समजला जायचा, भूकंपाच्या नकाशात आम्ही झोन एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात. १९९२ पासून जमिनीतून आवाज येत होते, धक्के बसत होते. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. दगडमातीची, वर जड माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. जवळपास दहा हजार माणसं गेली. नकाशा काढणारे चुकले होते, आणि ती चूक साधी नव्हती.

पण पुढचं कुणी सांगत नाही. त्याच विद्येतली माणसं इथं आली, खोल बोअर घेऊन अभ्यास केला, आपलं गणित कुठं फसलं यावर एकमेकांशी भांडली. २००२ साली झोन एक हा प्रकारच नकाशातून गेला आणि आमचा भाग तिसऱ्या झोनमध्ये आला. पुढच्या भूकंपाची तारीख मात्र ही माणसं आजही सांगत नाहीत, "ते सांगता येत नाही" म्हणतात. तारखा सांगणारे वेगळेच. त्यांच्यापायी आम्ही कितीतरी रात्री अंगणात काढल्या, त्यातल्या एकानंही परत येऊन चुकलो म्हटलं नाही. म्हणून मी एकट्या माणसापेक्षा त्याच्या धंद्याकडं बघतो. त्याची चूक पकडणारे दुसरे जाणकार तिथं आहेत का?

पोट कशावर भरतं तेही बघावं लागतं. आमचा कृषी सेवा केंद्रवाला हुशार आहे, मी माल त्याच्याकडूनच घेतो. पण तोच डॉक्टर आणि तोच मेडिकलवाला, मग टॉनिकची बाटली लागणारच. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं परभणीचं कृषी विद्यापीठ सांगतं. मी थांबल्यानं त्यांच्या खिशात काही पडत नाही. आणि जिथं आपल्याला तपासता येतं तिथं तज्ज्ञ कशाला? सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, आठवड्याभरात मोजा. सत्तरच्या खाली उगवले तर त्या बियाण्याच्या भरवशावर पेरू नका, पिशवीवर काहीही छापलेलं असू द्या.

अजून एक. भूजलवाले साहेब चहा पिता पिता सोयाबीनच्या भावाचंही ठामपणे सांगत होते. ते मी या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं.

मागच्या उन्हाळ्यात धाकट्याला परत बोअर घ्यायची हुक्की आली. मी साहेबांना फोन लावला. म्हणाले, "त्या वावरात मी पुन्हा पैसे घालायला सांगणार नाही. जुन्या विहिरीचा गाळ काढा." धाकटा चिडला, "मागं चुकलेल्या माणसाला कशाला विचारतो?" दोन दिवस घरात अबोला. शेवटी गाळ काढायचं ठरलं, आणि आबांनी विहिरीच्या काठावर आधी नारळ फोडला.