वॉर्डात पडलेला प्रश्न संशोधनापर्यंत कसा न्यायचा?

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी शिकते. आमची पोस्टिंग एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी आणि कमी वजनाच्या नवजात बाळांच्या विशेष कक्षात होती. कमी वजनाची बाळं तिथे बरेच दिवस राहून सुधारतात, घरी जातात आणि त्यातली काही थोड्याच दिवसांत पुन्हा वाईट अवस्थेत येतात. असं का होतं यावर मला संशोधन करायचं आहे. त्यासाठी मी डिस्चार्ज कार्डांचे फोटोही काढून ठेवलेत. बाबा म्हणतात, जर्मन शीक आणि जर्मनीला जा. मॅडम म्हणतात, एम.एस्सी. नर्सिंग कर. मैत्रिणी म्हणतात, संशोधन हे डॉक्टरांचं काम. माझं इंग्रजीही बेताचंच आहे. मी काय करू? कृपया नाव छापू नका.

उत्तर :

प्रिय विद्यार्थिनी,

सगळ्यात आधी त्या फोटोंचं बोलू. ते आजच मोबाइलमधून काढून टाक, गॅलरीचा बॅकअप जिथे जात असेल तिथूनही. तुझा हेतू चांगला आहे यात मला शंका नाही. पण त्या कार्डांवर आईचं नाव आहे, गाव आहे, फोन नंबर आहे, बाळाचा आजार आहे. ही माहिती त्या कुटुंबाने उपचारासाठी दिली होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ मध्ये संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी मुलांवरच्या संशोधनासाठी वेगळी तत्त्वं काढली, कारण मूल स्वतः हो किंवा नाही म्हणू शकत नाही. रुग्णालयाच्या नोंदी संशोधनासाठी वापरायच्या तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते आणि नावांच्या जागी सांकेतिक क्रमांक येतात. हे या कामातलं पहिलं पाऊल आहे. नंतर कधीतरी उरकायची औपचारिकता म्हणून त्याकडे बघू नकोस.

आता तुझा प्रश्न. तो मला फार मोलाचा वाटतो, कारण कमी वजनाच्या बाळाला काय लागतं हे आज माहीत आहे : ऊब, आईचं दूध, जंतुसंसर्गापासून बचाव, वजनावर लक्ष. ते सगळं एसएनसीयूत मिळतं आणि घरी पोचेपर्यंत कुठेतरी निसटतं. तू औषध शोधत नाहीयेस, सेवा कुठे तुटते ते शोधते आहेस. मुलांच्या आरोग्यसेवा सुधारण्याचं संशोधन म्हणतात ते हेच. आपल्याकडे त्याची गरजही मोठी आहे. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे १६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती, आणि त्यातली ११ पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच. तू ज्या वॉर्डात उभी होतीस, तिथेच हा प्रश्न सर्वांत दाट आहे.

‘संशोधन डॉक्टरांचं काम’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणींना गडचिरोलीचं उदाहरण सांग. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात तिथल्या गावांमध्ये घरी जन्मलेल्या नवजात बाळांची नोंद ठेवायला सुरुवात केली. निम्म्याहून अधिक बाळांना पहिल्या महिन्यात वैद्यकीय मदतीची गरज होती आणि ती मिळत होती शंभरात तीनहूनही कमी बाळांना. हा आकडा कुणी केबिनमध्ये बसून काढला नाही. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच स्त्रिया, म्हणजे आरोग्यदूत, घरोघर जाऊन बाळाचं वजन करत, ताप बघत, श्वास मोजत. श्वास मोजण्यासाठी त्याआधी न्यूमोनियाच्या कामात एक साधं साधन बनवलं होतं : एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेवरचे मणी, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मोजता न येणारी सुईणही त्यावरून न्यूमोनिया ओळखू शकत होती.

पुढे याच आरोग्यदूतांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं, अगदी जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायलासुद्धा. ३९ गावांत ही सेवा दिली आणि ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी सेवेच्या गावांतलं नवजात मृत्यूचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटलं होतं. हा अभ्यास डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येतात, रुग्णालयातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी आणि घरच्या बाळंतपणात सात, त्या राष्ट्रीय कार्यक्रमाचं मूळ इथे आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०११ मध्ये निघाल्या. निबंध छापून येण्यापासून देशभरच्या कार्यक्रमापर्यंत बारा वर्षं गेली हेही लक्षात ठेव. या क्षेत्रात धीर लागतो.

आणि काम तिथे संपलं नाही. भेट ठरली म्हणून ती होतेच असं नाही. तुमच्या एसएनसीयूतून सुटलेल्या बाळाची खबर त्या गावच्या आशाताईला मिळते का? मिळाली तर कितव्या दिवशी? तुझ्या प्रश्नाचा निम्मा भाग बहुधा इथे दडलेला आहे.

आणखी एक उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही, कारण ते थेट तुझ्या वॉर्डातलं आहे. कांगारू मातृ-काळजी, म्हणजे बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ठेवणं, पूर्वी बाळ स्थिर झाल्यावर सुरू करायचे. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांत वेगळं करून पाहिलं : एक किलो ते पावणेदोन किलोच्या आसपासच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईजवळ द्यायचं. भारतातलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. २०२१ मध्ये निकाल छापून आले. नेहमीच्या पद्धतीत २८ दिवसांच्या आत १५.७ टक्के बाळं दगावली, लगेच आईजवळ दिलेल्यांत १२ टक्के. यात नवं यंत्र किंवा नवं औषध नव्हतं. बदलावा लागला तो वॉर्ड. आईची खाट अतिदक्षता कक्षात आणावी लागली, बाळंतिणीची आणि बाळाची शुश्रूषा एकाच जागी करावी लागली. तू पोस्टिंगमध्ये पाहिलं असशील की अनेक ठिकाणी आई बाहेर ताटकळत असते आणि दूध पाजण्यापुरती आत येते. तिला आत कुठे बसवायचं, तिच्या जेवणाचं काय, रात्री कोण बघणार, हे प्रश्न परिचारिकेइतके नीट कुणाला सुचणार?

म्हणून तुला पहिला सल्ला असा, की पदव्यांचा विचार जरा बाजूला ठेव आणि प्रश्न लहान कर. ‘बाळं परत का येतात’ हा प्रश्न एका विद्यार्थिनीला पेलणार नाही. ‘आमच्या वॉर्डातून तीन महिन्यांत सुटलेल्या कमी वजनाच्या बाळांपैकी किती बाळं सांगितलेल्या तारखेला तपासणीला आली’ हा पेलेल. न आलेल्यांना विचारता येईल : तारीख नीट समजली होती का, गाडीभाडं होतं का, सोबत यायला घरात कुणी होतं का, पेरणीचे दिवस होते का. उत्तरं ऐकताना आईला दोष देण्याची घाई करू नकोस. ‘अज्ञान’ असं कारण लिहून मोकळं होणारे अहवाल मी खूप वाचले आहेत आणि त्यांचा कुणालाच उपयोग होत नाही. वीस रुपयांचा प्रश्न असेल तर वीस रुपये असंच लिही.

हे काम प्रभारी सिस्टर आणि बालरोगतज्ज्ञांना सोबत घेऊन गुणवत्ता सुधारणेचा प्रकल्प म्हणून करता येतं. समस्या नेमकी ठरवायची, कारणं शोधून मोजमाप घ्यायचं, एखादा लहान बदल करून पाहायचा, टिकला तर रुजवायचा, अशी त्याची पद्धत आहे. केंद्राचा २०२१ पासूनचा ‘मुस्कान’ उपक्रम सरकारी रुग्णालयांतल्या बालसेवांच्या गुणवत्तेसाठीच आहे, त्यामुळे वरिष्ठांना हा विषय परका वाटणार नाही. तुमच्या अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्प असतोच. तो ‘अमुक विषयावरील ज्ञानाचं मूल्यमापन’ अशा ठरीव प्रश्नावलीवर खर्च करू नकोस, मॅडमना हा विषय सुचव.

आता पुढची वाट. मला विचारशील तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली की दोन वर्षं प्रत्यक्ष काम कर, एसएनसीयूत, बालरोग वॉर्डात किंवा उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून. नंतर सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.पी.एच. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतलं अच्युत मेनन केंद्र, गांधीनगरची भारतीय लोकस्वास्थ्य संस्था ही विचारात घ्यावीत अशी ठिकाणं. पात्रता आणि प्रवेश परीक्षेचे नियम बदलत असतात, ते त्या त्या वर्षी संस्थेच्या माहितीपत्रकात बघ. मॅडमचा सल्ला चुकीचा नाही. शिकवण्याची ओढ असेल तर एम.एस्सी. नर्सिंगच हवं, आणि त्यानंतर पीएच.डी.ची वाटही आहे. पण तुझ्या प्रश्नाला एपिडेमिऑलॉजी, म्हणजे आजार कुणाला, कुठे आणि का होतात याचं शास्त्र, आणि संख्याशास्त्र पक्कं लागेल. तुलना कशी करायची, नमुना किती मोठा हवा, योगायोग कुठला आणि कारण कुठलं, हे एम.पी.एच.मध्ये जास्त कसून शिकवतात.

दरम्यान सुट्टीत महिनाभर क्षेत्रकामाचा अनुभव मिळतो का ते बघ. गडचिरोलीचं ‘सर्च’, पुण्याचं केईएम रुग्णालय संशोधन केंद्र आणि त्याचं वढूचं ग्रामीण काम, मेळघाटातली ‘महान’ ही संस्था, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचा सामुदायिक वैद्यकशास्त्र विभाग : साधं, मुद्देसूद पत्र लिही. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी पुन्हा लिही.

बाबांचं म्हणणं धुडकावू नकोस. परदेशात पगार चांगला आहे, आणि महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळासाठी करारही केला आहे, त्यात परिचारिका आहेत. त्या मानाने संशोधन प्रकल्पांतल्या नोकऱ्या बहुतेक कंत्राटी असतात. निधी संपला की पद संपतं. हे त्यांच्यापासून लपवू नकोस. घरावर कर्ज असेल, धाकट्या भावंडांचं शिक्षण असेल, तर आधी काही वर्षं कमावणं हा पूर्णपणे योग्य निर्णय ठरेल आणि तिथला नवजात कक्षातला अनुभव पुढे तुझ्याच कामी येईल. तशी निकड नसेल तर मात्र बाबांकडे दोन वर्षं माग. सरकारी भरतीची परीक्षाही याच काळात दे. कायम नोकरीतल्या परिचारिकेला रजा घेऊन पुढे शिकण्याची सोय असते का, ते भरतीच्या वेळीच विचारून घे.

राहिलं इंग्रजी. निबंध इंग्रजीतच असतात, म्हणून वाचता यायलाच हवं. ते सवयीने येतं. आठवड्याला एक निबंध घे. सुरुवातीचं भारदस्त लिखाण सोडून थेट तक्ते बघ, मग पद्धती वाच, शब्दांचे अर्थ वहीत लिही. १९९९ चा गडचिरोलीचा निबंध पहिला घे, कारण त्यातली माणसं आणि घरं तुझ्या ओळखीची आहेत. आयांशी बोलायला मात्र इंग्रजी लागत नाही. तिथे वऱ्हाडी, गोंडी, कोरकू लागते. यातली जी तुला येत असेल ती अर्जात भाषांच्या रकान्यात इंग्रजीच्या आधी लिही.