कामगार पुढारी विरुद्ध लुकाशेंको: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: बेलारूसमध्ये राष्ट्राध्यक्ष लुकाशेंकोंविरुद्ध कामगार पुढारी उभा राहिला होता, तो कोण?

व्लादिमिर गोंचारिक. जन्म 1940 चा, घडण कम्युनिस्ट पक्षातली. सोव्हिएत काळापासून ते देशाच्या अधिकृत कामगार महासंघाचे प्रमुख होते. सप्टेंबर 2001 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत विरोधकांनी त्यांनाच पुढे केले. ग्रोद्नो शहराचे दुसरे विरोधी इच्छुक सेम्योन दोमाश यांनी ऐनवेळी त्यांच्यासाठी माघार घेतली.

प्रश्न: पण अशा सरकारी वळणाच्या माणसावर विरोधकांनी विश्वास कसा टाकला?

हा हिशेब मला पटतो. विरोधकांकडे सभा होत्या, पण कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. महासंघाच्या शाखा देशभर होत्या. शिवाय कामगार संघटनांत सरकार ढवळाढवळ करते, ही तक्रार 2000 मध्येच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे पोचली होती; म्हणजे महासंघाचे सरकारशी आधीच बिनसले होते.

गोंचारिक यांनी प्रचारात दाखवलेले धैर्य मात्र कुणी विसरू नये. माजी गृहमंत्री झाखारेंको आणि विरोधी नेते गोंचार 1999 मध्ये बेपत्ता झाले. गोंचार यांच्यासोबत उद्योजक क्रासोव्स्कीही बेपत्ता झाले. त्याबाबत गुन्हे शाखेचे प्रमुख लोपातिक यांनी गृहमंत्र्यांना लिहिलेले टिपण गोंचारिक यांनी 2001 मध्ये जाहीर केले. मृत्युदंडासाठी वापरले जाणारे पिस्तूल तुरुंगातून बाहेर नेले गेले होते, असा उल्लेख त्यात होता. संशयाची सुई थेट लुकाशेंकोंच्या जवळच्या माणसांकडे वळत होती.

प्रश्न: मग ते हरले कसे?

जाहीर आकडे असे: लुकाशेंको 75.65 टक्के, गोंचारिक 15.65. युरोपीय निरीक्षकांनी ही निवडणूक लोकशाहीच्या निकषांवर उतरत नाही असे सांगितले, त्यामुळे या आकड्यांवर विसंबता येत नाही. तरीही मला वाटते, मोजणी चोख असती तरी लढत जडच गेली असती. दूरदर्शन सरकारच्या हातात होते आणि गोंचारिक यांचे भाषण सभा पेटवणारे नव्हते.

प्रश्न: महासंघाचे पुढे काय झाले?

खरा घाव निवडणुकीनंतर बसला. सभासदांची वर्गणी कारखान्याचे लेखा खाते पगारातून परस्पर कापून महासंघाला देत असे. डिसेंबर 2001 मध्ये सरकारने हुकूम काढून ही कपात बंद केली. संघटनेच्या तिजोरीची किल्ली मालकाकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी सरकारकडेच होती, हे तेव्हा उघडे पडले. त्याच महिन्यात गोंचारिक यांनी पद सोडले. 2002 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातले उपप्रमुख लिओनिद कोझिक यांना महासंघाच्या खुर्चीवर बसवण्यात आले.

महासंघाबाहेरच्या स्वतंत्र कामगार संघटना मात्र तग धरून राहिल्या. 2022 मध्ये त्याही न्यायालयाच्या आदेशाने मोडीत काढल्या गेल्या आणि त्यांचे नेते अलियाक्सांदर यारोशुक यांना चार वर्षांची शिक्षा झाली.