नवरा रात्री पिऊन अंथरूण ओलं करतो, घरच्यांपासून किती दिवस लपवू?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टर रोज पिऊन येतात, झोपेत गादी ओली करतात आणि मध्यंतरी तर उठून आलमारीपाशीच उभे राहिले. सकाळी विचारलं की "काहीच्या काही नको बोलू" म्हणून उडवून लावतात. तुम्ही पहाटे उठून चादरी धुता, गादी उन्हात का टाकली याचं सासूबाईंना रोज नवं कारण सांगता. मुलगी सातवीत, तिला सगळं कळून राहिलं आहे. आणि पुढच्या महिन्यात दिराचं लग्न, घर पाहुण्यांनी भरणार.

मी नागपुरात मानेवाड्याकडे राहते. आमच्या घरी हेच होऊन गेलं, फक्त आलमारीच्या जागी कूलर होता. मे महिन्याची रात्र, खोलीतच मोठा कूलर लावलेला, पाणी भरायला म्हणून मागची जाळी काढून ठेवलेली. आमचे हे उठले, कूलरच्या मागे गेले आणि टाकीत मोकळे झाले. पंप चालू. पाच-दहा मिनिटांत वाळ्याच्या ताट्यांमधून तो वास सगळ्या खोलीत. मी बटण बंद करेपर्यंत हे परत येऊन घोरायला लागले होते. सकाळी चहा घेता घेता मलाच म्हणतात, "कूलरचं पाणी बदललं नाही का तू? वास येऊन राहिला."

बाप्पा, तेव्हा हसू की रडू कळेना. पण त्या वाक्यात एक गोष्ट स्पष्ट होती, की हा माणूस खोटं बोलत नाहीये. त्याला खरंच माहीत नाही.

हे कसं होतं ते नंतर डॉक्टरांनी समजावलं. आपला मेंदू एक संप्रेरक सोडतो, त्याचं काम मूत्रपिंडांना सांगायचं की लघवी कमी करा, पाणी राखा. दारू ते संप्रेरक दाबून टाकते. म्हणजे पोटात गेलं त्यापेक्षा जास्त बाहेर यायला लागतं, मूत्राशय भराभर भरतं. एरवी भरलं की आपल्याला जाग येते. दारूच्या झोपेत, विशेषतः रात्रीच्या पहिल्या भागात, ती जाग येतच नाही. कधी अर्धवट येते, तेव्हा पाय चालतात, हात पायजम्याची नाडी सोडतात, पण बाथरूम कुठे आणि आलमारी कुठे हे ठरवणारा भाग झोपलेलाच असतो. आमच्या ह्यांना बहुतेक कूलरच्या पाण्याच्या आवाजानं ओढून नेलं असावं. आणि खूप प्यायल्यावर मेंदू नवी आठवण साठवतच नाही, म्हणून सकाळी पाटी कोरी.

आता तुमच्या बाजूनं बघा. त्यांना आठवत नाही, आणि आठवण करून देणारी प्रत्येक खूण तुम्ही पहाटे धुऊन टाकता. मग त्यांच्या लेखी काल रात्री झालं काय? काहीच नाही. कोरड्या कपड्यात उठले, चहा घेतला, ड्यूटीवर गेले. बायको उगाच कटकट करते, एवढंच त्यांच्या हिशेबात जमा होतं.

म्हणून माझं सांगणं, त्यांच्या उठण्याआधी धुऊ नका. तुम्ही मुलीजवळ जाऊन झोपा, ओली चादर तशीच राहू द्या. सकाळी ते शुद्धीवर आल्यावर, चहानंतर, मुलगी शाळेत गेल्यावर आणि सासूबाई देवपूजेला बसल्यावर एकदाच सांगा, "काल रात्री तुम्ही गादीत लघवी केली. ही चादर. बादली तिकडे आहे." बस. आवाज चढवायचा नाही, "माझ्या नशिबी हेच" नाही, त्यांच्या बापाचा उद्धार नाही. टोमणा मारला की त्यांना भांडायला विषय मिळतो आणि चादर राहते बाजूला. आमच्या ह्यांनी पहिल्यांदा बादली लाथेनं सरकवली होती. दुसऱ्यांदा गुपचूप उचलली. हे शिक्षा म्हणून नाही करायचं. स्वतःचं अंथरूण स्वतः धुणाऱ्या माणसाला आपण किती पितो हे दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही.

मोबाईलवर व्हिडिओ काढा असंही कुणी तुम्हाला सांगेल. माझ्या मते नको. असा व्हिडिओ एकदा भांडणात दाखवला जातो, एकदा नणंदेला पाठवला जातो, आणि मग फॅमिली ग्रुपवर फिरतो. मुलगी तोच फोन वापरते हेही लक्षात घ्या. त्यापेक्षा कॅलेंडरवर तारखेला खूण करा आणि बाजूला किती घेतली होती ते लिहा. डॉक्टरांना याचा उपयोग होतो.

रात्री मात्र वाद घालायचा नाही. प्यायलेल्या माणसाशी केलेलं बोलणं वाया जातं, आणि हात उगारला जायची भीती वेगळी. रात्री एवढंच बघायचं की ते पाठीवर उताणे झोपलेले नाहीत. कुशीवर वळवा, वरचा गुडघा वाकवा, पाठीमागे लोड लावा. उताण्या माणसाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते आणि माणूस जातो. हलवून, चिमटा काढूनही जाग येत नसेल, श्वास फार हळू किंवा थांबून थांबून चालला असेल, अंग गार किंवा ओठ निळसर दिसले तर लिंबूपाणी, ताक करत बसू नका, १०८ ला फोन लावा. लिंबानं, दह्यानं, काळ्या कॉफीनं दारू उतरत नाही, यकृताला जो वेळ लागायचा तो लागतोच. आणि शांत झोपावेत म्हणून झोपेची गोळी तर चुकूनही नको, दारूवर ती गोळी श्वास बंद पाडू शकते.

गादीचं सांगते, कारण तो तुमचा रोजचा त्रास आहे. लहान बाळाखाली घालतो ते मेणकापड मोठ्या मापाचं मीटरवर मिळतं, किंवा चेनवालं वॉटरप्रूफ कव्हर घ्या. त्यावर जाड सुती दरी, मग चादर. कापसाची गादी एकदा आतपर्यंत भिजली की वास जात नाही, ती पिंजून घेण्यापेक्षा आधी कव्हर परवडतं. ओल्या जागेवर आधी कोरडं फडकं दाबून पाणी टिपा, मग खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवा आणि झटकून उन्हात टाका. फिनेलनं दोन्ही वास मिसळतात, बाकी काही होत नाही. आणि लघवीवर ब्लीच ओतू नका, त्यातून घातक वायू निघतो, डोळे-घसा जळतो.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले ते. लाज वाटली की पुरुष माणूस एकदम शपथ घेतो, "उद्यापासून थेंब नाही." आपल्याला देव पावला असं वाटतं. पण रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात बंद करणं धोक्याचं असतं. पहिल्याच दिवशी हात थरथरायला लागतात, घाम सुटतो, छातीत धडधडतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांनी भ्रम होतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, आणि यात जीवही जाऊ शकतो. आमच्या ह्यांनीही अशीच शपथ घेतली होती. तिसऱ्या रात्री भिंतीवरच्या मुंग्या झाडून राहिले होते, भिंत स्वच्छ पांढरी. तशीच रिक्षा करून नेलं, भरती केलं, सलाईनमधून बी-वन जीवनसत्त्व आणि थरथर शांत करणारी औषधं दिली. तुमच्या मिस्टरांचे हात सकाळी कापत असतील, किंवा सकाळीच घोट लागत असेल, तर सोडणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

कुठे जायचं? नागपुरात मेडिकल आणि मेयो, या दोन्ही सरकारी दवाखान्यांत मानसोपचार विभाग आहे. मिहानला एम्स आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण चौकाचं नावच पागलखाना चौक पडल्यामुळे तिकडे म्हटलं की घरचे दचकतात, मग मेडिकलला जा, काही बिघडत नाही. आधी नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे. मिस्टर यायला तयार नसले तरी तुम्ही एकट्या जाऊन डॉक्टरांशी बोलू शकता. "थोडी घेतात हो" असं तिथे सांगू नका. रोज एक क्वार्टर, शनिवारी हाफ, देशी की इंग्लिश, सकाळी लागते का, असं सांगा. अंथरूण ओलं होतं हेही सांगा, त्यांनी हे शंभर वेळा ऐकलेलं असतं. प्रत्येक वेळी कारण दारूच असेल असंही नाही. साखर वाढलेली असते, प्रोस्टेटचा त्रास असतो, घोरताना श्वास अडकण्याचा आजार असतो. जीभ चावलेली आणि सकाळी अंग ठणकत असेल तर ती रात्री आलेली फिट असू शकते. लघवीची आणि साखरेची तपासणी होऊन जाऊ द्या. त्या निमित्तानं "शुगर चेक करून येऊ" म्हणून नेताही येतं. आमचे तसेच गेले पहिल्यांदा.

नातेवाईकांचे सल्ले येतील. भिंतीवर रंगवलेल्या "न कळत दारू सोडवा"च्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. भाजीत पावडर कालवून देऊ नका, त्यात काय आहे कुणाला माहीत. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाची गोळी असते खरी, पण ती घेऊन वर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही हे होऊ शकतं. ती माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनं, डॉक्टरच देतात. आमच्या मामेसासऱ्यांनी तर सुचवलं होतं, वर्ध्याला पाठवून द्या, तिथे दारूबंदी आहे. वर्ध्याच्या लोकांना विचारा म्हणावं. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठलीसुद्धा, पिणारे मधल्या काळात काही लिंबू सरबतावर नव्हते.

मुलीला गोष्टी रचून सांगू नका. सातवीतल्या पोरीला वास कळतो. "बाबांना दारूचा आजार आहे, रात्री त्यांना भान राहत नाही, तुझ्यामुळे काही झालेलं नाही" एवढं पुरे. रात्री तिच्या खोलीला आतून कडी असू द्या, अर्धवट झोपेत माणूस कोणत्याही दारानं शिरतो. तुमच्याही बाबतीत, प्यायलेले असताना अंगाशी आले आणि तुम्हाला नको असेल तर नाही म्हणायचा हक्क आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मारहाणीबरोबर हेही धरलेलं आहे. १८१ महिलांसाठी आहे, जिवावर बेतलं तर ११२.

राहिलं लग्न. बिछायतवाल्याच्या गाद्या हॉलमध्ये ओळीनं पडणार आणि त्यावर सगळे भाऊ-मेहुणे झोपणार, तिथे तुमचे मिस्टर नकोत. "फार घोरतात, कुणाला झोप नाही लागणार" म्हणून बाथरूम लागून असलेली छोटी खोली आजच मागून ठेवा. घोरतात ते खरंच आहे, त्यामुळे खोटंही होत नाही. वाटेत नाइट लॅम्प, बाथरूमचं दार उघडं, लाईट चालू. झोपल्यावर तासा-दीड तासानं मोठ्या दिरांना सांगून एकदा उठवून नेलं तर बऱ्याचदा रात्र निभते. ते काम तुम्हीच करायचं असा काही नियम नाही.

आणि मोठ्या दिरांना हे सांगायचं म्हणजे घरात कुणाला तरी कळणारच. कळू द्या. हळदीच्या रात्री मंडपामागे गाडीच्या डिक्कीत जी बाटली उघडते ती तुम्ही थांबवू शकणार नाही, मोठे दीर थांबवू शकतात, निदान तुमच्या मिस्टरांना तिसऱ्या ग्लासानंतर उठवू शकतात. सासूबाईंना लग्नाआधी सांगायचं की नंतर, हे तुम्ही बघा. मला विचाराल तर आधी, आणि एकट्यानं नाही, दिरांना सोबत घेऊन. आमच्या सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मले का दिसत नाही का वं, गाद्या कोन वाळू घालून राहिलं ते?"