सूर ऐकण्याआधी

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद.

मनाङला जायचं ठरलं, हे वाचून फार बरं वाटलं. नेपाळमध्ये अन्नपूर्णा पर्वताच्या उत्तरेला असलेल्या त्या खोऱ्यातली मनाङे भाषा तामाङ, गुरुङ यांच्या कुळातली. चार सुरांची. ते चार सूर कानाला कसे सापडतील, असं तू विचारलंस.

आधी तुझ्या मराठी कानाबद्दल सांगते. ‘आलास?’ आणि ‘आलास.’ यांतला चढउतार आपण वाक्याच्या खात्यावर टाकतो, शब्दाच्या नाही. तिथे तो शब्दाचाच असतो. सूर बदलला की शब्दच बदलतो. पंजाबीतले घोडा, चाबूक आणि कुष्ठरोगी या अर्थांचे तीन शब्द एकदा शेजारी शेजारी ऐक. तिन्ही ‘कोडा’च, फरक फक्त सुराचा. घोड्यातला ‘घ’ जाऊन ‘क’ झाला, पण जाताना तो सूर खाली सोडून गेला. तामाङ कुळातही असंच झालं. जुन्या भाषेत सूर दोनच होते. पुढे ‘ब’ आणि ‘प’ यांतला फरक बुजला, घोष, म्हणजे ‘ब’सारख्या, व्यंजनांमागचे सूर खाली उतरले आणि दोनाचे चार झाले. खालच्या दोन सुरांबरोबर बऱ्याच ठिकाणी आवाजात श्वासही मिसळतो.

नेमकी इथे तुझी फसगत होईल. तामाङमध्ये फुलाला देवनागरीत ‘म्हेन्दो’ लिहितात. म्हण, म्हैस म्हणत वाढलेल्या आपल्याला तो ‘म्ह’ अगदी घरचा वाटतो आणि आपण व्यंजन लिहून मोकळे होतो. पण तो ‘ह’ त्या खालच्या, श्वासाळ सुराची खूण आहे. वहीत ‘ह’ आला की थांब, तोच शब्द पुन्हा म्हणवून घे आणि या वेळी फक्त उंची ऐक.

माझ्या पहिल्या दौऱ्यातली चूक तुला सांगायलाच हवी. एका आजींकडून मी ओळीने चाळीस शब्द म्हणवून घेतले. पाच-पाच शब्द झाले की त्या श्वास घ्यायच्या आणि प्रत्येक पाचवा शब्द खाली उतरायचा. मी ते सगळे ‘उतरता सूर’ म्हणून टिपले. महिन्याभराचं काम वाया गेलं. म्हणून सुटा शब्द घेऊच नकोस. ‘मी — म्हणाले’ असं एकच वाक्य ठरव, प्रत्येक शब्द त्याच्या पोटात घाल आणि क्रम बदलून तीनदा घे. मग शब्द तोंड मिटून गुणगुणायला सांग. व्यंजनं गळून पडली की सूर उघडा पडतो. शब्दांच्या चिठ्ठ्या करून ‘यातले सारखे कोणते वाटतात?’ हेही त्यांनाच विचार. त्यांनी लावलेल्या ढिगांवर तुझ्या कानापेक्षा जास्त विश्वास ठेव. सॉफ्टवेअरवरचे आवाजाच्या उंचीचे आलेख त्यानंतर. प्रत्यय लागल्यावर काय होतं तेही बघ. या कुळात मूळ शब्दाचा सूर बहुधा प्रत्ययावरही पसरतो.

मनाङमधली कितीतरी कुटुंबं काठमांडूत राहतात. तिथली मुलं नेपाळीत वाढतात आणि नेपाळीत सूर नाहीत. त्याच कुळातल्या छन्त्याल भाषेत नेपाळी शब्दांचा प्रचंड भरणा झाला आणि तिचे सूर गेले. शब्द निदान कोशात तरी उरतात. सूर टिपले नसतील तर तिथेही सापडत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून आजी-आजोबा आणि नातवंडं, दोघांकडून तेच शब्द घे. नातवंडांचे दोन सूर एकमेकांत मिसळलेले दिसले तर त्यांना चूक म्हणू नकोस, तसंच लिही. आणि आजींना दुपारनंतर त्रास देऊ नकोस. थकलेल्या आवाजातल्या सुरांवर भरवसा ठेवता येत नाही.

पहिल्या आठवड्याच्या ध्वनिफिती पाठव. आपण दोघी मिळून ऐकू.

तुझी,
बाई