डोंगर पेटवला की पुढच्या पावसात गवत जास्त येतं, हे खरं आहे का?

तुमच्या गावातले जाणते तसं सांगतात आणि अमेरिकेतही कुरणं मुद्दाम जाळतात, मग आपल्याकडं वनखातं का ओरडतं, असं तुम्ही विचारलंय.

अमेरिकेचं खरं आहे. कान्सासमधल्या कोन्झा प्रेरी या गवताळ माळावर काही पट्टे दरवर्षी, काही चार वर्षांनी, काही वीस वर्षांनी जाळून कित्येक दशकं नोंदी ठेवल्या जातायत. तिथलं बिग ब्लूस्टेम गवत पुरुषभर वाढतं आणि वाळून जागेवरच साचतं. त्या थराखाली ऊन पोचत नाही. वसंतात थर जळाला की जमीन लवकर तापते आणि मातीखाली वाचलेले कोंब जोरात उठतात. वर पाठोपाठ पाऊस असतो. पण तिथंही दरसाल जाळलेल्या पट्ट्यात बाकीच्या फुलझाडांच्या जाती घटतात.

आता आपला हिशेब बघा. मी पन्हाळ्याकडचा. आमच्या बाजूला पेटवतात फेब्रुवारी-मार्चात, पाऊस लागतो जूनला. साचलेला थर म्हणाल, तर निम्मं गवत दिवाळीच्या पुढंमागं कापून गंजीत गेलेलं, उरलेलं म्हशींनी खाल्लेलं. जाळल्यावर नत्र धुरातून जातं. राखेत पालाश उरतो, पण उघड्या उतारावरची राख पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला लागते, सोबत मातीही. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर, मुळात माती किती, तर वीतभरसुद्धा नाही.

मग जाणत्यांना दिसतं ते काय? वळवानंतर काळ्या जमिनीवर फुटलेला कोंब लगेच नजरेत भरतो, वाळक्या गवतात तोच लपलेला असतो. कोवळं म्हणून जनावरंही त्यावर तुटून पडतात. पण हिरवं लवकर दिसलं म्हणून दिवाळीला भारे जास्त निघत नाहीत.

शिवाय उगवतं कोण, तेही बघा. कुसळी गवताच्या बीला पीळदार शेपटी असते. दमट-कोरड्या हवेत तो पीळ सुटतो-वळतो आणि टोकदार बी स्क्रूसारखं मातीत शिरतं. वरून जाळ गेला तरी ते शाबूत. वर पडून राहिलेलं बी मात्र भाजतं. म्हणून वरचेवर जळणाऱ्या डोंगरावर कुसळीच माजते, आणि कुसळं धरल्यावर तिला जनावर तोंड लावत नाही. करवंदाची, जांभळाची रोपं तर पहिल्या वणव्यातच जातात.

वैरणच हवी असेल तर कुसळं धरायच्या आत कापा आणि रानाचा एखादा तुकडा आळीपाळीनं पावसाळाभर चराईला बंद ठेवा. डोंगर राखीव जंगलात येत असेल तर काडी लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, हेही जाणत्यांच्या कानावर घाला.